इस्त्री थांबली तर पास

ता. ३ सप्टेंबर

धाकटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

आज सकाळी कपडे धुऊन दोरीवर घातले. दुपारी वर्गातली मुलं आली, संध्याकाळी गेली. फोनवर मला बोलणं सुचत नाही, म्हणून लिहितो आहे.

तुझी ताई गेल्यावर तिचा जाहिरातीचा वर्ग बंद होणार असं मी धरून चाललो होतो. मुलांनी तसं धरलं नव्हतं. महिनाअखेरीला जाहिरात कंपन्यांची नोकरीसाठी निवड आहे, आम्ही एकमेकांना शिकवू, काकांनी फक्त इस्त्रीला उभं राहावं, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं. तुला माहीत आहेच, जाहिरात बघायला म्हणून कोणी बसत नाही, माणूस आपल्या कामात असतो, असं ताईचं म्हणणं. म्हणून ती मला कोपऱ्यात इस्त्री करायला लावायची आणि मुलं माझ्यासमोर जाहिरात मांडायची. माझा हात थांबला तर पास. इतकं मठ्ठ गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही, असं ती सगळ्यांदेखत म्हणायची.

निवडीसाठी कंपन्यांनी दिलेला विषय सगळ्यांना एकच होता, चष्म्याच्या दुकानातली मोफत डोळे तपासणी. ट्रक चालवणाऱ्याने जाहिरात मांडली, दोन मुलांच्या आईने मांडली, माझी इस्त्री आपली चालूच. मग इन्स्पेक्टर उभी राहिली. तिला ऐकू फार कमी येतं, त्यामुळे ती समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघते. म्हणून ताईने ठेवलेलं हे नाव. फोन घेता येत नाही या कारणाने तिला सगळीकडून नकार आला आहे. या खेपेला जमलं नाही तर मामाच्या गोदामात खोकी बांधायची, असं घरच्यांनी ठरवलं आहे. तिने चित्र वर धरलं. खिडकीत दोन चष्मे शेजारी शेजारी, एक उघडा, एक मिटलेला. माझा हात थांबला. मुलांनी टाळ्या पिटल्या.

हात जाहिरातीमुळे थांबला नव्हता. ताईचा चष्मा अजून कपाटावर आहे. तिथे मला हे बोलता आलं नाही. आता इन्स्पेक्टर तेच चित्र घेऊन तुमच्या कंपनीत निवडीला येईल. काय करावं ते कळव.

तुझ्या मुलांना आशीर्वाद. तुमची सगळ्यांची खुशाली येत राहू दे.

तुझे भाऊजी

ता. ८ सप्टेंबर

ती. भाऊजींना शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचलं आणि थोडा वेळ ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले.

आता कामाचं. निवड करणाऱ्या तिघांत मी आहे हे माहीत असून तुम्ही मलाच त्या मुलीची सगळी हकीकत लिहून मोकळे झालात. त्यामुळे मी तिला गुण देणार नाही, बाकीचे दोघं देतील. ताई तुम्हाला मठ्ठ म्हणायची ते उगीच नाही.

दुसरं म्हणजे, तिला खरं काय ते सांगून टाका. आमचे मोठे साहेब तुमच्यासारखे हळवे नाहीत. ते पुढचा कागद मागतील, आणि आपलं काय चुकलं ते तिला कधीच कळणार नाही. तिला वाईट वाटेल, वाटू दे. मी पहिली जाहिरात लिहिली तेव्हा ताईने ती वाचली आणि काही न बोलता मला भाजी निवडायला बसवलं. खोटी शाबासकी तिने कोणालाच दिली नाही, तुम्ही तरी का देता?

वेळेवर जेवत जा. फटकळपणाचा राग मानू नका, माया असू द्या.

तुमची धाकटी

ता. १६ सप्टेंबर

धाकटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

सांगितलं. तिला नीट कळावं म्हणून समोर बसून सावकाश सांगितलं. इतकं सलग मी अलीकडे कोणाशी बोललो नव्हतो.

मग चित्र माझ्यापुढे धरून तिने विचारलं, यात काय करायला सांगितलंय. मला सांगता येईना. खाली बारीक अक्षरात लिहिलंय ते वाचा म्हणाली. मी कागद लांब धरला, मग आणखी लांब धरला. ती या वेळी माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होती. एकदम कागद ओढून घेऊन तिने मागच्या बाजूला काढायला सुरुवात केली. रागावलीस का असं मी विचारलं, तर मध्ये बोलू नका अशी खूण केली.

काल तिने ते मांडलं. एक माणूस पेपर वाचतो आहे. पेपर धरलेले हात टेबलावरून, दारातून, पार फाटकापर्यंत गेलेले. खाली ओळ, हात आणखी किती लांब करणार? या, डोळे तपासून देतो. मी उशीचा अभ्रा करत होतो. इस्त्री अभ्र्यावर तशीच राहिली. जळका वास आला तेव्हा दोन मुलांच्या आईने धावत येऊन ती उचलली. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आधी सगळ्यांनी मला खोदून खोदून विचारलं, काका, नक्की ना, दुसरं काही आठवलं नाही ना. नक्की, म्हणालो.

गुण देऊ नकोस, पण नीट बघ. प्रकृतीला जप, आमच्यावर लक्ष असू दे.

तुझे भाऊजी

ता. २५ सप्टेंबर

ती. भाऊजींना शि. सा. न. वि. वि.

तुमची इन्स्पेक्टर आमच्याकडे रुजू होते आहे. ट्रकवालाही. दोन मुलांच्या आईला दुसऱ्या कंपनीने घेतलं.

इन्स्पेक्टरची पाळी आली आणि मोठ्या साहेबांचा फोन वाजला. इतर उमेदवार अशा वेळी थांबायचे. ही उलट खूश झाली आणि चित्र थेट त्यांच्यापुढे धरलं. साहेब बोलता बोलता अडखळले, नंतर करतो म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मग चित्र हातात घेऊन लांब धरलं. खोलीत जे हसू फुटलं, त्यात साहेब सगळ्यात शेवटी सामील झाले.

गिऱ्हाइकांचे फोन कोण घेणार, असं त्यांनी विचारलंच. लेखी उत्तरं मी सगळ्यांच्या आधी देईन, म्हणाली, आणि बैठकीत कोण कंटाळलंय तेही तुमच्या आधी सांगेन. उदाहरणार्थ साहेबांना मघापासून चहा हवा आहे. हवा होता, भाऊजी. दोघांनीही तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मी हाताची घडी घालून बसले होते. ताई, बघतेस ना, एवढंच मनात येत होतं. चष्मेवाले आमचंच गिऱ्हाईक, त्यांनी तेच चित्र छापायला घेतलं आहे.

आता वर्गाचं काय करणार ते कळवा. आशीर्वाद आहेतच, ते असेच मिळत राहोत.

तुमची धाकटी

ता. २९ सप्टेंबर

धाकटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच तिघं येऊन थडकले. दोन मुलांच्या आईने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि मग बातमी सांगितली. ट्रकवाला हसत होता आणि डोळे पुसत होता.

वर्गाचं मला ठरवावं लागलं नाही. सुट्टीच्या दिवशी तिघं शिकवणार, वर्ग इन्स्पेक्टर चालवणार. माझं काम बदललेलं नाही, असं तिने बजावलं आहे. रविवारी नवीन मुलं येतील. त्यातली एक चाकांच्या खुर्चीवरून येते, आणि आपल्या दाराला पायरी आहे. ते मी बघतो म्हणालो.

सवडीने ये. घर तुझंच आहे.

तुझे भाऊजी

ता. क. पायरीवर फळी बसवली. हलते का ते बघायला स्वतः वर-खाली चालून पाहिलं. जरा हलत होती. आणखी एक खिळा मारला.