हलक्या कामास योग्य

नाना, आज सकाळी तांब्या हातातून सुटला. सून आतून म्हणाली, "आई, काय पडलं?" मी म्हटलं, "काही नाही, निसटला." हल्ली असंच आहे. सकाळी बोटं मिटलेलीच असतात, ऊन वर आलं की एकेक मोकळं होतं. म्हणून घरखर्चही मी दुपारीच लिहिते. हे पत्रही दुपारीच लिहितेय, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. अक्षर वाकडं येईल. तुमचाच आजार आहे, तुम्हांला कळेल.

बोर्डापुढे जायचं होतं ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. गिरणीत तुटलेला धागा चिमटीत धरून जोडायचं तुमचं काम, आणि चिमूटच होईना म्हणून तुम्ही कितीतरी दिवस घरी. जळगावच्या डॉक्टरांच्या बोर्डाने 'काम होत नाही' असं लिहिलं तर महिन्याला काहीतरी मिळणार, नाही लिहिलं तर नाही. मी नुकती मॅट्रिक झालेली, कागद वाचायला सोबत. धुळ्याच्या घरात अजून उजाडलेलं नाही आणि आई तुमच्या सदऱ्याची बटणं लावतेय, कारण तुम्हांला लावता येत नाहीत. धोतर धुवट, टोपी परीटघडीची, कपाळाला गंध.

"आते बाशिंग तेवढं बांधी ल्या," आई म्हणते. "नवरदेवच दिखी ऱ्हायनात. आजारी माणूस असा जास का?"

"डॉक्टर मोठा माणूस शे," तुम्ही म्हणता. "त्यानापुढे गबाळं जावानं का?"

एसटीत तुम्ही हात मांडीवर उन्हात धरून बसलात. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि बोटं हळूहळू सुटत गेली. मला बरं वाटलं, नाना. तुमचं दुखणं कमी झालं म्हणून बरं वाटलं. ते त्या दिवशी कमी व्हायला नको होतं, हे मला बसमध्ये सुचलंच नाही.

बोलावणं आलं तेव्हा दुपार झालेली. टेबलामागे दोन डॉक्टर. तुम्ही आत पाऊल टाकलंत, चपला बाहेर काढून, आणि देवळात जोडावेत तसे दोन्ही हात जोडलेत. तळव्याला तळवा, बोटाला बोट. तसे जोडायला तुम्हांला किती जोर लागला ते मी मागून बघत होते. तुमच्या मानेवर घाम आला होता.

"काय, कसं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"बरं शे, साहेब. देवनी कृपा शे."

दुसरे डॉक्टर तुमच्या हातांकडेच बघत होते. "हात तर छान जुळतात की," म्हणाले. मूठ वळायला लावली. तुम्ही हसतमुखाने वळलीत. मी दारातून म्हटलं, "साहेब, सकाळी यांना बटण लावता येत नाही. आई लावते."

"सकाळचं नको सांगू, पोरी. आत्ता समोर आहे ते मी लिहिणार."

ते खोटं बोलत नव्हते, हेच मला आजवर गिळता आलेलं नाही. समोर होतं तेच त्यांनी लिहिलं. हलक्या कामास योग्य.

तो कागद घेऊन तुम्ही गिरणीच्या फाटकावर गेलात. टाइमकीपरने वाचला आणि हसला. "नाना, इथे हलकं काम कुठलं? धागाच काय तो हलका. एक तर धड व्हा, नाहीतर धड आजारी पडा." तरी तुम्ही जात राहिलात, आंघोळ करून, टोपी घालून. फाटकाच्या आत कुणी घेतलं नाही, आणि पुढे कामावर हजर नाही म्हणून नाव कमी झालं. वर अर्ज केला, त्याचं उत्तरही तेच आलं. आई मिरचीच्या वखारीत देठं खुडायला जायला लागली. संध्याकाळी तिच्या हातांची आग आग व्हायची, आणि तुम्ही ओट्यावर बसून नुसते बघायचात. एकदा ती चिडून म्हणाली, "त्या डॉक्टरले हात कशाले जोडात?" तुम्ही म्हणालात, "मंग काय पाय दाखाडू?" ती हसली, तुम्हीही हसलात. तुम्ही गेलात तेव्हाही कागदावर तुम्ही कामाला योग्यच होतात.

मला कुणी बोर्डापुढे बोलावणार नाही. घरच्या बाईचं काम हलकं की जड, हे ठरवायला कोण बसलंय? मुलगा विचारतो, "आई, बरी आहेस ना?" तो विचारतो दुपारी, कामावरून जेवायला आला की. तेव्हा माझी बोटं उघडलेली असतात. मी म्हणते, "बरी आहे."

आज सकाळी तांब्या पडल्यावर मी तशीच देवघरापुढे बसले आणि ठरवलं, आज हात जोडायचे नाहीत. वाकडी बोटं जशी आहेत तशी समोर धरायची. देवाने तरी सकाळची बघावीत. धरलीही थोडा वेळ. समई जळत होती, सून मागून ये-जा करत होती. मग मला लाज वाटली, नाना. देवापुढे असं काय बसायचं, असं झालं. मी एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं सरळ केली, ओढून ओढून, आणि जोडले.