आता काय दाबू?

माय, तीन शब्द सांगते: लिंबू, कुलूप, चादर. पत्राच्या शेवटी परत विचारणार आहे. नांदेडच्या त्या डॉक्टरीणबाईंनी तुला असेच तीन शब्द सांगून थोड्या वेळानं विचारले होते. तू डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणालीस, "मला काय इचारता बाई, माझ्या लेकीला इचारा. तिला समदं येतंय." तेव्हा आम्ही तिघीही हसलो होतो. आज ते प्रश्न मी स्वतःलाच विचारते आहे, आणि हसू येत नाही.

कॉम्प्युटरचा माझा नाद तुला माहीत आहे. शाळेच्या ऑफिसात काम करताना लागला, रिटायर झाले तरी सुटला नाही. तू असतानाच मी तो ब्लॉग सुरू केला होता. वर कॉम्प्युटरची एखादी टीप, खाली मनात येईल ते, डाळमिलचा वास, क्लासच्या पोरांनी अडवलेली गल्ली, महागलेली कोथिंबीर. आणि तो सुरू झाला तुझ्यामुळे. पुण्याच्या नातवाला पडद्यावर बघता यावं म्हणून मी तुझ्या हातात माऊस दिला होता. तो खरकटा होईल म्हणून तू आधी हात धुऊन यायचीस, पदराला पुसायचीस, आणि मग दर पायरीला विचारायचीस, "आता काय दाबू?" तुला कळेल अशा शब्दांत त्याचं उत्तर द्यायचं, एवढीच माझी विद्या. बाकीच्यांना ती आवडली, हे त्यांचं मोठेपण.

तर गेल्या आठवड्यात माझं मराठी टायपिंग एकाएकी बंद पडलं. काहीही दाबा, इंग्रजी अक्षरं उमटतात. दोन बटणांचं काम आहे एवढं आठवत होतं, कोणती दोन ते काही केल्या आठवेना. शेवटी इंटरनेटवर शोधलं तर एक पान उघडलं. इतकं छान लिहिलं होतं ग! खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून धरा, ते न सोडता खालची लांब पट्टी दाबा, घाबरू नका, काही मोडत नाही. मी दाबलं, मराठी परत आली. मनात म्हटलं, कोण बाई आहे ही, समजावून सांगावं तर असं. आभाराचे दोन शब्द लिहावेत म्हणून पानाच्या तळाशी गेले. तिथे शेवटची ओळ होती: माझी माय विचारते, आता काय दाबू?

पान माझंच होतं, माय. मीच लिहिलेलं. दूध उतू जातं, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते, त्याचं मला काही वाटत नाही; या वयात सगळ्याच बायकांचं तसं होतं. पण स्वतःचं लिहिलेलं मी परक्या बाईचं म्हणून वाचलं, तिचं कौतुक केलं, आणि ती ओळ तिथे नसती तर मला कधी कळलंही नसतं. त्या दिवसापासून मला तुझं ते वर्ष आठवत राहतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते वर्ष. नळाला पाणी यायचं त्या दिवशी लोक लग्नघरातल्यासारखे धावत असतात. घरात तांब्यासुद्धा रिकामा राहत नाही. आणि एका सकाळी मी अंगणात येते तर तू भरलेला हंडा शांतपणे मोरीत ओतते आहेस. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडते, "ओ आजी, काय करायलात! पानी वतायलात!" तू तिच्याकडे बघून म्हणतेस, "शिळं पानी हाय. शिळं कुनी पितं का?" खरंच तर होतं. जन्मभर तू रोज पहाटे शिळं पाणी ओतून, हंडा घासून ताजं भरत आलीस. जुन्या बाईची जुनी सवय, असं मी शेजारणीला सांगितलं आणि स्वतःलाही.

डॉक्टरीणबाईंनी जिल्हा विचारला तेव्हाही तसंच झालं. तू म्हणालीस, "उस्मानाबाद." मी लगेच मध्ये पडले: मॅडम, लातूर त्यातूनच वेगळा निघाला, यांच्या वयाचे सगळे अजून तसंच म्हणतात. त्या सुमाराला उदगीर वेगळा जिल्हा होणार म्हणून पानटपरीपासून एसटीपर्यंत गप्पा रंगत होत्या. जिल्ह्यांचा घोळ कुणाचाही व्हावा. बाईंनाही ते पटलं. तुझं विसरणं असं सवयींच्या आड बसलेलं होतं. माझं कॉम्प्युटरच्या आड बसलं असेल. सगळं शोधून मिळतं, मग काय गेलं ते कळणार कसं?

परतीच्या एसटीत विष्णुपुरीजवळ आटलेलं धरण दिसलं. तू म्हणालीस, "हितं लई पानी असायचं." मला केवढं बरं वाटलं, बघ, आठवतंय हिला! मग लोह्याच्या अलीकडे तू माझ्या कानाशी आलीस आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलंस, "आपुन कुठं चाललोय ग?" तुझा हात माझ्या हातात होता, घामानं ओला. मला वाटलं, उन्हाचा त्रास. तू भ्यायली होतीस, माय. तुला सगळं कळत होतं, आणि तू एकटीच भीत होतीस. हे मला आत्ता कळतंय, कारण माझाही हात तसाच ओला आहे.

मुलाला काही बोलले नाही. तो फोनवर विचारतो, "आई, बरी आहेस ना?" मी म्हणते, ठणठणीत. उद्या नांदेडला त्याच डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे, एकटीच. आणि लातूरची आहे ना मी, पेपर आधीच पाठ करून चालले आहे. आजचा वार, तारीख, शंभरातून सात वजा, परत सात वजा. जिल्हा कोणता? लातूर. तोंडात आधी तुझं उस्मानाबाद येतं, ते गिळून टाकते. त्याचंही नाव आता बदललं म्हणा. माझ्या लेकीला विचारा, असं म्हणायला मला लेकही नाही.

हे ब्लॉगवर टाकायचं नाही. तुला पाठवायला तर पत्ताच नाही, त्यामुळे इथेच मशीनमध्ये ठेवते. दुपार कलली आहे, स्वयंपाकघरात कुकर थंड होतो आहे, आणि पत्र संपलं. आता विचारते.

लिंबू. चादर.

वर जाऊन बघणं काही अवघड नाही. माऊसचं चाक बोटानं वरच्या बाजूला फिरवायचं. तुला मी सगळ्यात आधी तेच शिकवलं होतं. चाकावर बोट ठेवून बसले आहे केव्हाची. माय, फिरवायची हिंमत होत नाही.