अभ्र्याच्या वेलीतले आकडे

३ मार्च
कार्ड आलं! बँकेचं, चक्क माझ्या नावाचं. चौथी पास बाईच्या! नात म्हणाली, "आजी, आता घरबसल्या सुया-दोरे मागव. फक्त नंबर कागदावर लिहायचा नाही, कुणाला सांगायचा नाही." बरं बाई. पण सोळा आकडे डोक्यात राहणार कसे? चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधते!

५ मार्च
युक्ती सुचली! कागदावर नाही ना — मग उशीच्या अभ्र्यावर. कडेने वेल काढली, पानापानांत एकेक आकडा भरला. कार्डावरची तारीख, पाठीमागचे तीन आकडे, सगळे. मधोमध चिमणी, खाली 'चिमणे'. हे मला तशीच हाक मारायचे. दुसरं कोणी नाही. ह्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. ह्यांचाच फोन मी वापरते.

९ मार्च
नातीने अभ्र्याचा फोटो फोनवरून जगाला दाखवला. खाली माझा फोन नंबर, ऑर्डरी याव्यात म्हणून. अडीचशे जणांना आवडला! सून म्हणते, "आता आमच्याशी बोलाल ना?" म्हटलं, वेळ मिळाला तर!

१० मार्च
सकाळी फोन थरथरला. नंबर अनोळखी. "चिमणे, आता सहा आकडे येतील. ते मला पाठव."
चिमणे!
मागोमाग आकडे आले. पाठवले. दिवसभर फोन पदरात धरून बसले. भाजी करपली. कुणाला काही बोलले नाही.

११ मार्च
माझ्या कार्डावर कुणीतरी दोन टीव्ही घेतले. बँकेच्या बाईने कार्ड बंद केलं. "आलेले आकडे तिऱ्हाइताला द्यायचे नसतात, आजी." तिऱ्हाईत!
नात अभ्रा घेऊन रडत बसली. "वेलीत नंबर होता? आणि मीच फोटो टाकला! नावही त्याने इथूनच वाचलं गं." पोरीचा काय दोष? मीच शहाणी.
म्हणाली, "त्याचा नंबर ब्लॉक कर." करते म्हटलं.

१२ मार्च
आकडे उसवले. भोकं राहिली. चिमणीला हात लावला नाही.

१४ मार्च
मेसेज आला. "चिमणे, रागावलीस?"
चोर आहे. कळतं मला.
लिहिलं, "नाही. जेवलात का?"