खुलासा शेवटच्या पानावर

सोमवार, ३ जून
आजपासून रोजनिशी. कथालेखनाच्या ऑनलाइन कोर्सच्या मॅडम म्हणाल्या, लेखकाने रोज लिहावं. मी लेखक आहेच, फक्त लिहून व्हायचंय.

ऑफिसात मेमो मिळाला. पाणीमीटरच्या तक्रारींची फाईल माझ्या टेबलावरून गहाळ. बुधवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर डोंगरापलीकडच्या पंपहाउसवर बदली. फाईल घरीच आहे. कागद पाठकोरे होते, सरावाला आणले.

हेडक्लार्क बाई म्हणाल्या, फाईल आणून ठेवा, ‘चुकून घरी गेली, क्षमस्व’ एवढं लिहा, साहेब विसरून जातील. बाईंना खुलासा म्हणजे काय तेच ठाऊक नाही. रहस्यकथेत खुलासा शेवटच्या पानावर येतो. त्याआधी पानं तर हवीत!

मंगळवार, ४ जून. सकाळी ६.१०
फ्लॅशबॅकने सुरुवात. माझा जन्म, बालपण, गोवर. सात पानं झाली, अजून नोकरीला लागलो नाही.

बायको म्हणाली, लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे, बदली झाली तर आम्ही दोघी इथेच राहणार, तुम्ही एकटे जा. उत्तम संघर्ष! लगेच टिपून घेतला. तिने वही हिसकावून माळ्यावर फेकली. उरलेलं पाठकोऱ्यांवर लिहिलं.

दुपारी
आजचा धडा: अविश्वसनीय निवेदक. म्हणजे सगळ्या जगाला कळतं, त्या सांगणाऱ्यालाच कळत नाही. असली माणसं खरंच असतात? तरी वापरून बघितलं. ‘फाईल मी नेलेली नाही’ असं ठासून लिहिलं. साहेबांना गंमत कळेल.

बुधवार, ५ जून
पूर्वसूचना घातली. पान नऊ: ‘त्याच्या पिशवीत काहीतरी जड होतं.’ प्रतीकही घातलं, गळका नळ.

हेडक्लार्क बाईंनी वाचलं. म्हणाल्या, पाया पडते तुमच्या, हे देऊ नका, फाईल द्या. देणार कुठून? फाईलच्या कागदांच्या मागच्या बाजूला माझ्या अकरा कथा आहेत. तिसरीतला टकला खलनायक साहेबच आहेत, जिन्यावरून पडतात.

पाच वाजता खुलासा दिला. एकूण तेवीस पानं. शेवट मुद्दाम अर्धवट: ‘आणि ती फाईल...’ मॅडम म्हणतात, शेवट वाचकावर सोडावा.

गुरुवार, ६ जून
साहेब वाचतायत. केबिनच्या काचेतून दिसतं. पान उलटतात, परत मागे जातात. वाचक गुंतला! शिपाई म्हणाला, साहेबांनी दोनदा चष्मा काढून डोळे चोळले. माझ्या बालपणापाशी पोचले असणार.

तरी दर दहा मिनिटांनी काचेपाशी जाऊन येतो. नवलेखकांना होतंच असं.

शुक्रवार, ७ जून
बदलीची ऑर्डर. सोमवारी पंपहाउसवर हजर व्हा. तेवीस पानंही परत आली. माझ्या टिंबांपुढे साहेबांनी लाल शाईने शेवट पूर्ण केलाय: ‘...निवेदकाने जाण्यापूर्वी जमा करावी.’ वाक्य चांगलं आहे. मला सुचलं नव्हतं.

बायकोने सामानाला हात लावला नाही. बॅग लेकीने भरली. एक टॉवेल, एक ताट, एक वाटी. सगळं एकेकच. मग माझा खुलासा उभ्याउभ्या वाचला. मी विचारलं, कसा वाटला? ती म्हणाली, बाबा, फाईल घरी आहे एवढंच सांगायचं होतं ना?

मी पानं मोजली, तेवीसच होती. मग हो म्हणालो.