लाल तार

३ नोव्हेंबर १९७६
सांगलीजवळच्या साखर कारखान्यात रुजू झालो. हिनं बांधून दिलेल्या दशम्या आणि पलटणीत तारा जोडता जोडता शिकलेली विद्या, एवढंच भांडवल. अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल. हेडक्लार्क लालासाहेबांनी आल्या आल्या रसाचा पेला हातात दिला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा मी नाथाजीअण्णा झालो.

माझं यंत्र कपाटाएवढं. प्रत्येक मजुराचं भोकं पाडलेलं एक कार्ड. कार्डं घातली की दुसऱ्या बाजूनं पाळीची यादी छापून येते, कोण कुठल्या जागेवर ते. ती फाटकावर चिकटली की विषय संपला. "यादीत हाय तीच जागा," असं इथं म्हणतात.

६ नोव्हेंबर
पुढं येणाऱ्या माणसासाठी टिपा लिहून ठेवतोय. कार्डं आधी पत्त्यांसारखी पिसावीत; रसाच्या वाफेनं ओलसर होऊन चिकटतात. अडकलं तर ओढू नये, रुसलेल्या गाईसारखं गोंजारावं. यंत्राची सगळी अक्कल बाजूच्या तारांच्या फळ्यात. तारा बदला, यंत्राचा स्वभाव बदलतो. मी दोन तारा हलवून नावापुढं गाव छापायला लावलं. बायकांनी आपापलं गाव वाचून घेतलं आणि लय हसल्या.

९ नोव्हेंबर
फळ्यात एक लाल तार सापडली. कार्डावर जुनी जागा आणि नवी जागा अशी दोन घरं असतात. ही तार यंत्राला जुनंच घर वाचायला लावते.

जतच्या साळूबाईचं कार्ड जुन्या गठ्ठ्यात होतं. नवी जागा भरलेली, उसाच्या मोळ्यांवर. यादीत मात्र शेवटपर्यंत बगॅसचा पट्टा, म्हणजे उसाचा चोथा भट्टीकडं नेणारा. पट्ट्याची जाळी तुटलेली. तिनं तीनदा विनवलं होतं. गेल्या माघात पदर अडकून ती गेली. तार लालासाहेबांनीच लावून घेतलेली. पट्ट्याला माणूस मिळेना म्हणून, असं त्यांनीच सांगितलं, चहा ढवळत.

तार काढली. साळूबाईचं कार्ड खणात ठेवून कुलूप लावलं.

१२ नोव्हेंबर
पट्ट्यावर आता बयाबाई असते. ती दारात उभी. "आवं अण्णा, पदर वडतोय त्यो. जाळी अजून तशीच हाय. मला दुसरीकडं टाका, तुमी माझ्या बापासारखं." तिचं कार्ड लगेच बदललं.

लालासाहेब हसत म्हणाले, तार परत लावा अण्णा, न्हाईतर उद्याची एसटी हायच तुमच्या रहिमतपूरला.

लावली. लेकीच्या वयाची बाई. जेवण गेलं नाही.

१३ नोव्हेंबर
पट्ट्यासमोर बयाबाई छापायला हवी होती. छापलंय : साळूबाई, जत. कार्ड कुलपातच आहे, पाहून आलो. बयाबाई मोळ्यांवर.

टीप : जुनं नाव आलं तर यंत्राचे कार्ड वाचणारे ब्रश पुसावेत. पुसले. पुन्हा साळूबाई, जत. बयाबाई सुटली म्हणून बरंही वाटलं. खोटं कशाला लिहू.

१५ नोव्हेंबर
आज पट्ट्यासमोर लालासाहेबांचं नाव. साहेबलोकांची कार्डंच नसतात. त्यांनी यादी फाडली, मला म्हातारचळ लागला म्हणाले.

दुपारी दोनला हातातलं पान टाकून उठले. पट्ट्याकडं चालत गेले. बयाबाईनं पाहिलं, साहेब मागं रेलत होते आणि पाय पुढं जात होते. धोतराचा सोगा —

दिवेलागणीपर्यंत चोथा लाल निघत होता.

१६ नोव्हेंबर
लाल तार उपटून भट्टीत टाकली. तासाभरात फळ्यात परत. टीप : सगळ्या तारा काढाव्यात. काढल्या. फळा रिकामा. फक्त ती —

१७ नोव्हेंबर, सकाळ
बयाबाईपुढं हात जोडले. सांगितलं, तार मीच परत लावली होती. तिनं माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाली, "मी सोडलं, अण्णा. पर साळूबाईनं तीनदा इचारलं हुतं. ती कुठं माझं ऐकती?"

दुपार
वीज तोडली. तरी ठकठक. एकच ओळ.

नाथाजी, रहिमतपूर.

माझं कार्ड नाही. गावाची तार मीच जोडली होती —

दोनला पाच कमी. पाय उठताहेत. मेज धरून लिहितोय, मेजही सरकतंय —

दाराशी. पुढच्या माणसा, टीप. लाल तार दिसली तर साहेबाला विचारू नकोस. आधी पट्ट्यावरची बाई काय मागते ते —