धाकट्याचा वकील

रवि. ४ जाने.
शिंदेबाईंचा फोन. रविवारच्या बैठकीत १८ तारखेला वाद ठेवलाय. विषय, 'धाकट्याची आठ वर्षं: काय उरलं, काय फसलं.' धाकटा म्हणजे अमेरिकेचा तो राष्ट्राध्यक्ष. बाप आधी त्याच खुर्चीत बसून गेलेला, म्हणून बैठकीत लेकाला हे नाव पडलं.

"तुम्ही त्याचे वकील होतात सर, तुम्हीच बोला," बाई म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसलो. हो म्हणून बसलो.

फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, हमीदसरही येतायत. महिनाअखेर लेकीकडं हैदराबादला चाललेत, कायमचे. पडेगावचं घर विकलं.

हे मला बाईंकडून कळावं? एकाच दिवशी नोकरीला लागलो आम्ही, तो इतिहासाला, मी राज्यशास्त्राला. त्याच्या स्कूटरवर मागं बसून मी बारा वर्षं कॉलेजला गेलो.

सोम. ५
माळ्यावरून जुनी फाईल काढली. भाषणाची टिपणं सापडली. धाकट्यानं युद्ध सुरू करायच्या आधी महिनाभर बैठकीत झालेला तो वाद. तेवीस वर्षं होतील. अक्षर केवढं टोकदार होतं माझं. 'शस्त्रं सापडतीलच.' खाली दोन रेघा. 'हा माणूस शब्दाचा पक्का आहे.' वाचताना कान तापले.

बैठकीचा नियम जुना आहे. आधी समोरच्याचा पूर्वपक्ष मांडायचा, त्याला स्वतःला जमला नसता इतका नीट. त्यानं मान हलवली तरच आपलं सुरू करायचं.

हमीदचं म्हणणं साधं होतं. राज्य पाडायला तीन आठवडे पुरतात, पण दुसऱ्या दिवशी कचेरी कोण उघडणार? त्याचे आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून. राज्य गेल्यानंतरच्या दिवसांत गावोगाव काय झालं, ते त्यानं घरात ऐकलेलं. त्यावरून बोलत होता तो. इथल्या मातीतला मुद्दा, आणि इतिहासाच्या मास्तराचा.

मी त्याचा पूर्वपक्ष काय मांडला? कागदावर आहे, जसाच्या तसा. 'माझे मित्र हमीद यांचं दुःख मी समजू शकतो. तिथले लोक त्यांचे आहेत.' बस्स. दोन वाक्यं. कचेरी नाही, आजोबा नाहीत, काही नाही.

आणि त्यानं मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी किती समंजस म्हणून. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानंतर तो मला 'सर' म्हणायला लागला. दोन-तीन महिन्यांनी बैठकीला यायचा बंद झाला. मी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? माहीत नाही.

गुरु. ८
मुद्दे काढतोय.
बाजूनं: आफ्रिकेत एड्सची औषधं पोचवली, लाखो माणसं जगली. हे त्याच्या शत्रूनंही कबूल करावं. आपल्याशी अणुकरार. जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यानंतर आठवड्याभरात मशिदीत जाऊन म्हणाला, या धर्माशी आमचं वैर नाही. (हे मी तेव्हा लई घोळवून सांगितलं होतं. आणि त्याच भाषणात हमीदचं ते... असो.)
विरुद्ध: युद्ध. शस्त्रं नव्हतीच. तुरुंगातले कैद्यांच्या छळाचे ते फोटो. वादळात बुडालेलं शहर, छपरांवर बसलेली माणसं आणि सरकारचा पत्ता नाही. जाता जाता बँका बसल्या.

आणि मला ज्यासाठी आवडायचा, ते? सरकार लहान असावं, खर्च जपून करावा, जुनं सांभाळावं. सरकार फुगवून गेला. खर्चाचं तर नावच नको. हे आम्ही जुन्या वळणाच्या लोकांनी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं. आम्ही गप्प बसलो, कारण तो आमचा होता.

सकाळी फिरायला येणारे म्हणतात, आत्ताचं बघितल्यावर तो बराच म्हणायचा. अशानं मागचा प्रत्येकजण सुटत जाईल.

सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या अमेरिकेवाल्याला जाऊ द्या. हमीदभाऊंचं काय ते बघा आधी."

बुध. १४
संक्रांत. सुमननं तिळगुळाचा डबा दिला आणि रिक्षात बसवलं. मुकुंदवाडी ते पडेगाव, शहराचं हे टोक ते ते टोक. वाटेत तीनदा माफीचं वाक्य जुळवलं.

हमीद पुस्तकांच्या ढिगात मांडी घालून बसलेला. केस पार पांढरे. "या सर, या." भाभी गेल्यापासून चहा स्वतःच करतो. साखर बरोबर दीड चमचा घातली माझ्या कपात, न विचारता.

बोललो काय? गुडघे. हैदराबादचं पाणी. लेकीच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे का. आता बोलतो, आता बोलतो करतोय तोवर कपाट बघायला गिऱ्हाईक आलं, फूटपट्टी घेऊन. उठलो. फाटकापर्यंत सोडायला आला. "वहिनींना सलाम सांगा."

नुसता तिळगूळ देऊन परत आलो. मी असाच आहे. व्याख्यान द्या म्हटलं की तासभर बोलेन.

शनि. १७
ठरलं. जिथं बोललो तिथंच चूक कबूल करायची. उद्या, सगळ्यांसमोर. केलं चारचौघांत तर फेडायचंही चारचौघांत.

सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊंना विचारलं का?"
म्हटलं, माफी मागायला परवानगी लागते का?
"मग बघा बुवा," म्हणाली आणि दिवा लावायला गेली.

रवि. १८
गुलमंडीमागच्या वाचनालयाची वरची खोली गच्च. कॉलेजची मुलं-मुलीपण होती. हमीद शेवटून दुसऱ्या रांगेत, खिडकीशी.

पूर्वपक्ष नीट मांडला या वेळी. कचेरी, आजोबा, दुसरा दिवस, सगळं. धाकट्यानं तिथली फौज घरी बसवली, कारकून घरी बसवले, आणि मग हमीद म्हणाला होता तेच झालं. पंधरा मिनिटं. मग धाकट्याची चांगली कामं, मग फसलेली. काही हातचं राखलं नाही.

एका मुलीनं हात वर केला. "सर, तो खोटं बोलला, की त्याला खरंच तसं वाटत होतं?"
म्हटलं, मला वाटतं, त्याला खरंच वाटत होतं.
"मग ते बरं की वाईट?"
मी काहीतरी लांबलचक बोललो. हेतू, परिणाम, इतिहासाचा निवाडा. तिचं समाधान झालं नाही, दिसत होतं.

मग ते सांगितलं. तेवीस वर्षांपूर्वी याच खोलीत माझ्या मित्राचा मुद्दा मी बाजूला सारला आणि त्याचा धर्म पुढं केला. त्याची माफी मागतो. आणि म्हटलं, हमीद, जरा उभा राहा.

उभा राहिला. टाळ्या. शिंदेबाईंनी डोळ्याला पदर लावला. कुणीतरी आम्हाला शेजारी उभं करून फोटो काढला. मला हलकं वाटलं. खोटं का लिहू, लई हलकं वाटलं.

जिन्यात गाठलं त्याला. भिंतीला हात लावून, एकेक पायरी उतरत होता.
"तेव्हा तू मला मुसलमान म्हणून उभं केलंस," तो म्हणाला, "आज माफ करणारा मुसलमान म्हणून. फरक काय पडला यार? दोन्ही वेळा टाळ्या तुलाच."
मी म्हटलं, हमीद, मला तसं...
"दिवाणखान्यात बसला होतास की परवा. तेव्हा मी एकटाच होतो."

इतक्या वर्षांनी 'तू' म्हणाला तो मला. रिक्षात बसून गेला.

सोम. १९
शिंदेबाईंनी फोटो पाठवला. खाली 'हृद्य क्षण'. फोटोत मी हसतोय. हमीद कॅमेऱ्याकडं बघत नाहीये. पुसून टाकला.

 

बुध. २१
फोन केला. उचलला नाही. परत केला नाही. फोन करकरून आता त्याला छळायचं का?

शनि. २४
न कळवता गेलो. दार उघडंच. घर रिकामं झालंय, बोललं की घुमतं. पुस्तकांची खोकी बांधत होता. मला बघून सुतळी पुढं केली, म्हणाला, "धर." अर्धा तास नुसती खोकी बांधली. त्याच्या पाठीला त्रास होतो, वाकता येत नाही.

शेवटी मीच म्हटलं, रविवारी चुकलं माझं.
"सोड ते." मग खोक्यावर बसला. "एक विचारू? खरं सांगशील?"
विचार.
"त्या दिवशी बोललास ना, तिथले लोक त्यांचे. ते वाद जिंकायला बोललास, की तुला खरंच तसं वाटत होतं? माझ्याबद्दल?"

जिंकायला, म्हणता आलं असतं. तोंडावर आलं होतं. वादात माणूस काहीही बोलतो, कुणालाही पटलं असतं.

म्हटलं, वाटत होतं.

तो सुतळीचा गुंडा हातात फिरवत राहिला. रस्त्यानं दौलताबादची बस गेली, खिडकीची काच थरथरली.

"मी समजत होतो, जिंकायला बोललास," तो म्हणाला. "आमची ही विचारायची, का जात नाही बैठकीला? मी म्हणायचो, अगं वसंता वादात घसरतो, मनात काही नसतं त्याच्या. तीच म्हणायची, मग जात जा की. तेवीस वर्षं तुझी बाजू मीच मांडली घरात."

मला रडू आलं. त्यानं पाणी आणून दिलं. उरलेली तीन खोकी दोघांनी बांधली. निघताना पत्ता मागितला. म्हणाला, लेक पाठवेल.

मंगळ. २७
आज गेला. गाडी सकाळची. स्टेशनवर जाऊ का, सुमनला विचारलं. ती म्हणाली, "भाऊंनी बोलावलंय का?" गेलो नाही.

शुक्र. ३०
दुपारी त्याचा मेसेज. 'पोचलो. लिफ्ट आहे.' पत्ता नाही.

सुमन म्हणते, कळवलं ना त्यांनी, मग झालं. मला तसं वाटत नाही. माझी बाजू मांडणारं त्या घरात आता कुणी नाही. उत्तर लिहायला चारदा बसलो. 'बरं झालं' लिहिलं, पुसलं. लेकीची चौकशी लिहिली, तीही पुसली. फोन समोर ठेवलाय.