कपाटातला नवा स्विमसूट

हायड्रुन,

समुद्रावर जाऊन येतो. वादळात जंगलापलीकडची वाट वाळूखाली गेली म्हणतात, सामानाची हातगाडी ओढता येते का बघतो. यंदा तू काही ओढायचं नाहीस, डॉक्टर ओरडतील. जमलं तर बुधवारी जाऊ, तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं. कॉफी थर्मासात आहे. येताना हेरिंग मासे आणतो.

टॉवेल शोधताना कपाटात तळाशी तुझा नवा स्विमसूट दिसला. लग्न झाल्यापासून आपण त्या किनाऱ्यावर उघडेच पोहत आलो. तिथे सगळेच तसे. कोणी कपडे घालून आलं की, "काय हो, थंडी वाजते का?" असं तूच विचारायचीस. आणि आता छातीच्या ऑपरेशननंतर तू गुपचूप हा घेऊन आलीस, मला सांगितलंसुद्धा नाहीस.

घाल खुशाल. मीही चड्डी घालून शेजारी बसेन. शेजारची रोस्विता हसली तर हसू दे मेली.

नाहीतर समुद्र राहू दे यंदा. पण घरात कपडे बदलताना न्हाणीघराची कडी लावत जाऊ नकोस गं. तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो.

फोल्कमार